ताकाला गेले आणि बादली लपवली

मी एक जुनी बादली आहे, जस्ती पत्र्याची. लगेच चुकचुकू नका, मित्रांनो. 'अरेरे, बिचारी गंजली' म्हणायला तोंड उघडलं असेल तर मिटा. माझ्या बुडाला तीन ठिकाणी कथलाचा डाख आहे, काठ एका बाजूनं चेपलाय, कडी मूळची नाही, जाड तारेची आहे. आहे हे असं आहे. पण मी रडगाणं गायला आलेली नाही. माझ्या पोटावर एक सरकारी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर शिक्का आहे आणि क्रमांकही आहे. तुमच्या घरातल्या किती बादल्यांना हा मान मिळालाय, सांगा बरं? नाही ना? मग गुमान बसा आणि ती मला कशी मिळाली ते ऐका.

माझा जन्म शेडमध्ये झाला. शेड म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला असलेली एक लांबट इमारत. चार भिंती, एक मोठं दार आणि वर पत्रे. गल्लीतली घरं एकेका खोलीची. घरात शिलाई मशीन ठेवलं की माणसांनी पाय कुठं पसरायचे हा प्रश्न. म्हणून सगळ्यांनी मिळून पालिकेकडून ही जागा कामासाठी मागून घेतली आणि तिथं स्वतःच्या हातांनी शेड उभं केलं. दिवसभर तिथं कुणी शिवायचं, कुणी खुर्च्यांना वेत विणायचं, कुणी स्टोव्ह उघडून बसायचं. हत्यारं सगळ्यांची सामाईक आणि भांडणंही सामाईक.

छप्पर घातलं ते पत्रेवाले आजोबांनी. आढ्यावर घालायला त्यांनी सपाट पत्रा आणला होता, त्यातला थोडा तुकडा उरला. आजोबांना काही टाकून देणं माहीतच नव्हतं. एका दुपारी त्यांनी तो तुकडा कापला, वाकवला, ठोकला, शिवण दाबली, बूड बसवलं, आणि झाले मी तयार. मग त्यांनी मला बोटाच्या पेरानं टिचकी मारली. मी अशी वाजले की पलीकडची वेत विणणारी बाई दचकली.

आजोबा हसून म्हणाले, "आवाज खणखणीत आहे हिचा. ही कुणाची भीड ठेवायची नाही."

म्हणजे बघा, आढ्यावरचा पत्रा आणि मी सख्खी भावंडं. एकाच पत्र्यातली. तो वर गेला, मी खाली राहिले. पुढं त्याचं सगळं निस्तरायचं माझ्याच नशिबी येणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पहिली काही वर्षं माझी ऐटीत गेली. वेत भिजवायचा तो माझ्यात. लाकूड चिकटवायचा सरस पातळ करायला गरम पाणी आणायचं ते माझ्यातून. तापलेलं लोखंड विझवायचं तेही माझ्याच पोटात. सुतारमामा तर दुसऱ्या बादलीला हात लावायचे नाहीत. सुतारमामा म्हणजे शेडचे सर्वांत जुने कारागीर, आणि सगळ्यांनी एकमतानं निवडलेले अध्यक्ष. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. कपडे साधे, पण इस्त्रीचे. घरात काही असो वा नसो, दारात आलेल्या माणसाला निरोप देताना म्हणायचे, "आमचं काय, झकास चाललंय!"

मग लाल प्लास्टिकची बादली आली. हलकी, भडक आणि मुकी. 'अगं बाई, किती हलकी!' म्हणत सगळ्या बायका तिच्यावर लट्टू झाल्या आणि मी लाकडाच्या ढिगामागं गेले. दोन वर्षं तिथं होते. माझ्यात भुसा साचला, कोळ्यानं संसार थाटला, एका उंदरानं तर माझ्यात बाळंतपण उरकलं. कुणी विचारलं नाही. मीही कुणाला हाक मारली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात लाल बाईसाहेब उन्हात तडकल्या. मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि खोटं बोलणं आपल्याला जमत नाही.

पण मला परत आणलं ते पाणी भरायला नाही. माझा भाऊ गळायला लागला होता.

आधी खिळ्यापाशी एक थेंब. मग जोडापाशी. आणि गळायचं तेही कुठं, तर नेमकं शिंपीणकाकूंच्या टेबलावर! हे टेबल काय आहे ते आधी समजून घ्या. चांगलं चौदा फूट लांब. एका वेळी चाळीस शाळेचे सदरे कापता येतील एवढं. सुतारमामांनी ते शेडमध्येच बांधलं, आणि बांधून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की ते दारातून बाहेर निघूच शकत नाही. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. काकू म्हणाल्या होत्या, "मला कुठं न्यायचंय ते? मी आणि हे टेबल इथंच म्हातारे होऊ."

काकूंचे यजमान लवकर गेले. पदरात दोन मुली होत्या. त्या टेबलावर कापड कापून त्यांनी मुली वाढवल्या, शिकवल्या आणि उजवल्या. नंतर गल्लीतल्या नऊ बायकांना कापायला, शिवायला शिकवलं. आता त्या नऊ जणींच्या चुली त्याच टेबलावर पेटत होत्या. त्याच टेबलाच्या मधोमध मी बसले, वर तोंड करून. अकरा पावसाळे बसले. भरले की रिकामी करायची, पुन्हा ठेवायची.

आणि मी वाजायचे. थेंब पडला की टण्. दुसरा पडला की टण्. बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. सुतारमामांना याची भारी लाज वाटायची. गिऱ्हाईक आलं की ते हळूच उठायचे आणि माझ्या बुडात एक फडकं टाकायचे. मग थेंब पडायचा, पण आवाज यायचा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी सोसलाय, मित्रांनो, अगदी शब्दशः.

"मामा, अहो गळतंय तर गळतंय," काकू म्हणायच्या. "त्या बादलीचं तोंड कशाला बंद करता?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, काकू. शेड गळतं हे कळलं तर कापड कोण देईल आपल्याला?"

मी मनात म्हणायचे, अहो मामा, मूठ झाकता येते. छप्पर कशानं झाकाल?

मग एका हिवाळ्यात पालिकेचं पत्र आलं. छप्पर धोकादायक झालं आहे, वर्षाच्या आत बदलून घ्या, नाहीतर इमारतीला कुलूप लावण्यात येईल. इतकंच होतं त्यात. काकूंनी ते दोनदा वाचलं आणि टेबलावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. बाकीच्यांना आपापली हत्यारं पिशवीत घालून कुठंतरी जाता आलं असतं. टेबलाला जाता येणार नव्हतं. त्याचे तुकडेच करावे लागले असते, आणि मग नऊ जणींनी कापड कापायचं कशावर? मांडीवर?

वर्गणी काढून नवं छप्पर होण्यासारखं नव्हतं. तेव्हा सुतारमामांच्या सूनबाई धावून आल्या. त्या एका शाळेच्या कचेरीत कारकून होत्या. अर्ज, दाखले, पोचपावत्या, सगळ्यात मुरलेल्या. त्यांनी सांगितलं की स्थानिक विकासासाठी एक अनुदान असतं. लोक जिथं एकत्र येऊन काम करतात अशा जागांच्या दुरुस्तीला ते मिळतं. तीन हिस्से अनुदान, एक हिस्सा आपला, आणि तो श्रमानं दिला तरी चालतो.

"श्रमाला काय तोटा!" सुतारमामा म्हणाले. "भर अर्ज."

अर्ज भरायला सगळे टेबलाभोवती बसले. मी मधोमध होतेच. सूनबाई एकेक रकाना वाचत होत्या आणि लिहीत होत्या. संस्थेचं नाव, किती माणसं काम करतात, वर्षाला किती जणांना काम शिकवता, मागणीत छपराबरोबर एक नवं शिलाई मशीन, सगळं भराभर झालं. मग त्या एका रकान्यापाशी थांबल्या.

"सद्यःस्थितीचं वर्णन करा. मामंजी, काय लिहू?"

"लिही, छप्पर किंचित जुनं झालं आहे."

"किंचित?"

"मग काय गावभर दवंडी पिटू? अगं, अनुदान देणाऱ्यानं आपल्याकडं पाहून म्हणायला हवं, वा, काय नेटकी माणसं आहेत! भिकाऱ्यासारखी तोंडं करून मागायचं नाही आपल्याला."

सूनबाईंनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी माझ्याकडं पाहिलं. आणि तरीही 'किंचित जुने' असंच लिहिलं गेलं, कारण अध्यक्षांचा शब्द मोडायची तिथं कुणाला सवय नव्हती. पालिकेचं पत्रही मामांनी जोडू दिलं नाही, घडी घालून खिशात टाकलं. मी त्या वेळी कोरडी होते. एक थेंब जरी पडला असता तरी मी वाजले असते, शपथेवर सांगते.

उन्हाळ्यात पत्र आलं, की अमुक तारखेला पाहणी अधिकारी येतील. झालं! शेडमध्ये लगीनघाई सुरू झाली. पाहुणा येणार म्हटलं की घर आवरायचं, हे आमच्या माणसांच्या हाडीमासी खिळलेलं. भिंतींना चुना लावला. आढ्याजवळचे गंजाचे ओघळ खरवडून वर रंगाचा हात मारला. छपराच्या भोकांत डांबर भरलं. शेजारच्या घरांतून सहा बऱ्या खुर्च्या मागून आणल्या, कुणीतरी पडदा आणला, कुणी टेबलावर घालायला भरतकामाची चादर. नऊ जणींनी जमीन घासून अशी काढली की स्वतःच घसरून पडायच्या. एवढी मेहनत त्यांनी छपरावर केली असती तर निम्मं काम झालं असतं, पण ते जाऊ दे.

शेवटी सुतारमामांची नजर माझ्याकडं वळली.

"हिला आधी हलवा इथून."

त्यांनी मला उचललं, लाकडाच्या ढिगामागं नेलं आणि वर पोतं टाकलं. अकरा वर्षं ज्या जागेवर बसून मी तुमचं कापड वाचवलं, तिथून मला चोरासारखं हलवलंत? पोत्याखाली माझा जीव नुसता तळमळत होता. राग म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

पाहणी करायला एक बाई आल्या. पायांत साध्या चपला, काखेत वही, हे काकूंकडून नंतर कळलं. मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, चहाचे कप वाजले.

"छान ठेवलंय हो तुम्ही," पाहणीबाई म्हणाल्या.

"आपल्या आशीर्वादानं झकास चाललंय," सुतारमामा म्हणाले.

"छप्पर गळतं का?"

वर ऊन तापलं होतं, गळण्याचा प्रश्नच नव्हता. मी पोत्याखालून आरडाओरडा करत होते. बोला ना, मामा! काकू, तुम्ही तरी बोला!

"गळतं म्हणजे," सुतारमामा हसले, "थोडंफार कुठं गळत नाही? तेवढं चालायचंच. आणखी चहा घ्या ना."

काकूंनी तोंड उघडलं होतं. पण परक्या माणसासमोर अध्यक्षांना खोटं पाडायचं कसं, म्हणून त्यांनी ते मिटलं. हे त्यांनी नंतर मला घासताना सांगितलं. त्या मला घासताना पुष्कळ काही सांगतात. वहीत काहीतरी लिहिलं गेलं, खुर्ची पुन्हा सरकली आणि बाई गेल्या. शेडमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, बाई खूश होऊन गेल्या. मला मात्र पोत्याखालून कुणी काढलं नाही; ते थोडं घसरलं, तेवढ्या फटीतून दिसेल ते मी बघायचे.

दीड महिन्यानं उत्तर आलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. सूनबाईंनी ते सगळ्यांसमोर वाचलं. "इमारतीची सद्यःस्थिती समाधानकारक असून दुरुस्तीची गरज दिसून येत नाही. सबब अर्ज नामंजूर."

कागद खाली ठेवून सूनबाईच बोलल्या, सासऱ्यांसमोर कधी वर मान न करणाऱ्या सूनबाई. "मामंजी, राग मानू नका. ताकाला जाऊन भांडं लपवलं आपण."

"म्हणजे चूक माझी?"

"चूक आपल्या सगळ्यांची," काकू म्हणाल्या. "तुम्ही लपवलंत आणि मी गप्प बसले. मामा, आपली गरज आपणच आपल्या हातानं चुना लावून पुसली हो. आता त्या टेबलावर कुऱ्हाड कोण चालवणार, तेही ठरवून टाका. तुम्हीच बांधलंत, तुम्हीच फोडा."

सुतारमामांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायच्या सुट्टीत सगळ्या बायका घरी गेल्या होत्या. टेबलावर शाळेच्या सदऱ्यांचं पांढरं कापड कापून रचून ठेवलेलं. आणि सर आली. डांबर उन्हानं तडकलं होतं, ते पहिल्या पाच मिनिटांत सुटलं. माझी जागा रिकामी होती. मी ढिगामागं पोत्याखाली होते आणि माझा भाऊ त्या पांढऱ्या कापडावर गंजाचं पाणी ओतत होता. आवाजसुद्धा येत नव्हता. कापडावर थेंब पडला तर तो वाजणार कसा? अकरा वर्षांत एवढी अगतिक मी कधी झाले नव्हते.

काकू धावत आल्या तोवर व्हायचं ते झालं होतं. साठ सदऱ्यांवर तांबडे डाग. त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडाकडं धरला आणि तिथंच खाली बसल्या. रडल्या नाहीत. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दारात सुतारमामा उभे होते. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. मग ते ढिगाकडं आले, पोतं बाजूला केलं आणि मला उचललं. टेबलावर माझ्या जागी त्यांनी मला ठेवलं. माझ्या बुडात ते जुनं फडकं अजून होतं. ते त्यांनी बाहेर काढलं आणि दाराबाहेर भिरकावून दिलं.

टण्.

"वाज," सुतारमामा म्हणाले. "वाज, बाई. हवं तेवढं वाज आता."

आणि मित्रांनो, मी वाजले! अशी वाजले की रस्त्यानं जाणारी माणसं आत डोकावून गेली. सुतारमामांनी प्रत्येकाला आत बोलावून वर बोट दाखवलं. "बघा, गळतंय. अकरा वर्षं गळतंय. या, नीट बघून जा."

त्याच आठवड्यात फेरविचाराचा अर्ज करायचं ठरलं. नामंजुरीच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की तीस दिवसांत फेरविचार मागता येतो, पुरावा जोडून. ते बारीक अक्षर वाचलं सूनबाईंनी. आमच्याकडं मोठ्या अक्षरात 'नाही' वाचलं की लोक कागद घडी घालून ठेवून देतात. तुम्ही तसं करू नका, मित्रांनो. तळापर्यंत वाचत जा.

पुरावा तयार करायचं काम माझ्याकडं आलं. मी भरले की दाराच्या आतल्या बाजूला खडूनं एक रेघ. रेघ ओढायची जबाबदारी नऊ जणींनी वाटून घेतली. वीस दिवसांत एकशे त्रेचाळीस रेघा झाल्या. रेघांची नोंद कागदावर उतरवली, या वेळी पालिकेचं पत्रही जोडलं आणि डागाळलेल्या सदऱ्यांचा एक गठ्ठा बांधला. त्या साठ सदऱ्यांसाठी सगळ्या जणींनी पदरमोड करून नवं कापड आणलं होतं आणि शाळेला वेळेवर दिलंही होतं. सद्यःस्थितीच्या रकान्यात या वेळी सुतारमामांनी स्वतः सांगितलं, "लिही. छप्पर अकरा वर्षं गळते आहे. पाहणीच्या दिवशी आम्ही लाजेपोटी ते लपवले. अध्यक्ष या नात्याने लपवणारा मी."

"मामंजी, एवढं लिहायलाच हवं का?"

"लिही म्हणतो ना. पुढं माझी सही आहे."

अर्ज द्यायला काकू, सुतारमामा आणि मी असे तिघं निघालो. बसमध्ये मी काकूंच्या मांडीवर होते, आत सदऱ्यांचा गठ्ठा. कचेरीच्या दारात शिपाई आडवा आला.

"ओ काकू, बादली कुठं घेऊन निघालात? आत न्यायची नाही."

"का?"

"का म्हणजे? कचेरी आहे ही."

काकूंनी पत्र त्याच्या नाकासमोर धरलं. "इथं काय लिहिलंय? पुरावा जोडा. हा आमचा पुरावा. कागदाचाच असला पाहिजे असं कुठं लिहिलंय, दाखवा मला."

शिपायानं पत्र वाचलं. उलटं करून मागूनही पाहिलं. मग डोकं खाजवत तो बाजूला झाला. आत आवक घेणारे कारकून चष्म्यावरून माझ्याकडं बघतच राहिले.

"हे काय?"

"जोडपत्र," सुतारमामा म्हणाले, आणि त्यांनी मला टेबलावर असं आदळलं की शेजारच्या चार टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली.

कारकुनांनी आधी हसून पाहिलं, मग रागावून पाहिलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. रांगेतले लोक म्हणायला लागले, "घ्या हो साहेब, घ्या. नोंदवा." शेवटी त्यांनी एक चिठ्ठी काढली, लिहिलं 'जोडपत्र क्रमांक चार', वर शिक्का मारला आणि डिंक लावून माझ्या पोटावर चिकटवली. जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगावर कुणी काही लिहिलं. मी लगेच मोठी झाले असं नाही. पण ताठ झाले, हे नक्की.

मला नऊ दिवस तिथंच ठेवून घेतलं. आणि गंमत ऐका! कचेरीच्याही कोपऱ्यात गळत होतं. शिपायानं दुसऱ्याच दिवशी मला तिथं नेऊन ठेवलं. येणारा-जाणारा विचारायचा, बादलीवर हा शिक्का कसला? शिपाई दरवेळी सगळी हकिगत सांगायचा, आणि प्रत्येक वेळी मला आधीपेक्षा मोठी करून सांगायचा. नवव्या दिवशी दाराशी पाहणीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी ती हकिगत ऐकली, माझ्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं, आणि मला उचललं.

त्या न कळवता शेडवर आल्या. भर पावसात, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मी. या वेळी चुना नाही, पडदा नाही, मागून आणलेल्या खुर्च्याही नाहीत. नऊ जणी टेबलावर जिथं कोरडं होतं तिथं कापड सरकवत काम करत होत्या. माझ्या जागी तोवर पातेलं होतं, ते काढून बाईंनी स्वतः मला ठेवलं. त्या उभं राहून लिहायला लागल्या तर वहीवर थेंब पडला. सरकल्या. तिथंही पडला. तिसऱ्यांदा सरकल्या तेव्हा एका जणीला हसू फुटलं, आणि मग बाईंनाही.

सुतारमामा पुढं झाले. हात जोडून नाही, ताठ उभं राहून. "बाई, मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो. गरिबीची लाज वाटली. पण अनुदान काही आम्ही दान म्हणून मागत नाही. या टेबलावर नऊ घरं चालतात. छप्पर द्या, त्याखालचं सगळं आम्ही करतो. आणि नाही म्हणणार असाल तर इथं उभं राहून म्हणा, पत्रानं कळवू नका."

असं बोलणारे सुतारमामा मी कधी पाहिले नव्हते. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पाहणीबाईंनी वही मिटली. "मामा, तुम्ही लपवलंत, कबूल. पण ताज्या चुन्याचा वास आला तेव्हाच मी शिडी मागायला हवी होती. तुम्ही चहा पाजलात आणि मी वर न बघता सही केली. या वेळी चहा नको. शिडी आणा."

त्या शिडी चढल्या. माझ्या भावाला त्यांनी बोट लावलं, तर बोट आरपार गेलं.

अनुदान मंजूर झालं. मागितलं होतं तेवढं नाही, बरं का. छपराचं मिळालं, नव्या मशीनचं नाकारलं. काकू म्हणाल्या, "मशीनचा अर्ज पुढच्या वर्षी. तोवर तळाचं बारीक अक्षर पाठ करून ठेवू." एक हिस्सा आपला होता, तो सगळ्यांनी अंगमेहनतीनं दिला. सुतारमामांनी वासे बदलले, नऊ जणींनी पत्रे वर पोचवले, वेत विणणारी बाई या वयात शिडी धरून उभी राहिली. पालिकेची मुदत संपायला सहा दिवस असताना शेवटचा पत्रा ठोकला गेला. कुलूप घेऊन कुणी आलं नाही.

माझा भाऊ खाली उतरला तेव्हा त्याची नुसती चाळण झाली होती. आम्ही दोघं एकमेकांशेजारी अंगणात एक दुपार काढली. इतकी वर्षं तो वर होता आणि मी खाली, शेजारी कधी बसलोच नव्हतो. त्याच्यावर मी किती चिडले होते! पण तोही काय करणार, मित्रांनो? त्याच्याकडं कुणी वर चढून पाहिलंच नव्हतं. एक खिळा सैल झाला तेव्हाच कुणी पाहिलं असतं तर तो अजून वर असता. भंगारवाला त्याला घेऊन गेला. माझ्याकडंही त्यानं हात केला.

"हिला हात लावायचा नाही," काकू ओरडल्या. "ती कागदोपत्री आहे!"

आता मी दाराजवळ खुंटीवर असते. सुतारमामांनी माझ्या तळाला नवा डाख दिला, गंज घासून काढला, चिठ्ठीवर मात्र हात फिरवला नाही. दर महिन्याला एक जण शिडी लावून वर चढतो आणि एकेक खिळा तपासतो. टेबल कोरडं आहे. दारावरच्या खडूच्या रेघा सुतारमामांनी पुसू दिल्या नाहीत. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, पाहुणे येतात, बरं दिसत नाही." मामा म्हणाले, "दिसू दे."

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. वस्तू जपा, ती मोडायच्या आधी तिच्याकडं बघा, हे तर आहेच. आणि गळत असेल तर ते लपवू नका. लाज गळण्याची नसते. ज्यानं तुमच्यासाठी अकरा वर्षं पाणी झेललं त्याच्यावर पोतं टाकण्याची असते.

परवा पलीकडच्या वस्तीतून चार माणसं आली होती. त्यांच्या वाचनालयाची भिंत खचली आहे. इस्त्रीचे कपडे, हातात कोरा अर्ज. त्यांच्यातले म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमचं तसं झकास चाललंय हो, पण भिंत किंचित कलली आहे. अर्ज कसा भरायचा तेवढं सांगा."

सुतारमामा खाली मान घालून हसले. काकू उठल्या, मला खुंटीवरून काढलं आणि त्यांच्या समोर चौदा फुटी टेबलावर दणकन ठेवलं.

"अर्ज मग बघू," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, तुम्ही तुमची बादली कुठं लपवलीय?"